पट्टी काळी चार

आमच्या घरात गाण्यातलं कुणाला काही कळत नव्हतं, आणि गाण्याबद्दल मत नाही असंही कुणी नव्हतं. माणसं तरी किती, तीनच. बाबा, बाबांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आई मी पाळण्यात असतानाच गेली. तिचा आवाज कसा होता हे मी आमच्या गावात, किन्हीराजात, भेटेल त्याला विचारायची. "चांगला होता, जास्त बोलत नव्हती," एवढंच उत्तर मिळायचं. बाबा संध्याकाळी वावरातून आले की ओट्यावर पाय धुता धुता माझं गाणं ऐकायचे आणि आत येऊन म्हणायचे, "मले त्यातलं काही समजत नाही शालू, पन आज तू दोन ठिकानी चुकली." कुठं, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "ते तू पाह्य. मले समजत असतं तं मीच नसतं का म्हटलं गानं?" दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन ठिकाणी चुकायची. त्या दिवशी हमखास शाबासकी मिळायची.

आत्याची तऱ्हा वेगळी. ती चुलीपुढे भाकरी थापायची आणि मी मधल्या खोलीत सा लावून बसायची. थोडा वेळ ती सहन करायची, मग तव्यावरची भाकर उलटत ओरडायची, "सकाळपासून सा, सा, सा. माय, पुढं जाय ना. गाडी फसली का तुही?" पुढे शिकवणी लागली, अलंकार म्हणजे सुरांचे पलटे आले आणि मी सारेग, रेगम असं पळायला लागले, तर ती म्हणे, "आता कायले पळून राह्यली? कोनी मागं लागलं का? मघा कशी एका जागी बरी बसली होती." भाकरीवर ठेचा आणि फोडलेला कांदा ठेवून ताट माझ्यापुढे सरकवताना ती हळूच विचारायची, "हे झाल्यावर गानं येईन ना?" मी जे करते ते गाणं नाही, गाण्याच्या आधीचं नांगरणी-वखरणीसारखं काहीतरी आहे, असं तिला वाटायचं. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, तिचं फारसं चुकत नव्हतं.

पेटी आमची नव्हती. गावच्या भजनी मंडळाची होती, आणि मंडळातल्या सगळ्यांत आमचंच छप्पर गळत नसल्यामुळे ती आमच्याकडे ठेवलेली असायची. एकादशीला मंडळ आमच्याच ओसरीवर बसायचं. मुख्य म्हणणारे बुवा एका कानाने अधू होते, आणि तोच कान नेमका पेटीकडे करून बसायचे. पेटी सोडून वर गेले की थांबायचे आणि पेटीवाल्याकडे रागाने पाहायचे, "मी जागेवरच हाये, तू कुठं चालला?" तबला लावायला हातोडीची ठोकाठोक इतकी चालायची की आत्याचा चहा दोनदा उकळून व्हायचा. एकदा भजन संपल्यावर कोपऱ्यातले एक म्हातारे उठता उठता बाबांना म्हणाले, "ते पयलं ठोकाठाकीचं गानं लय रंगलं गा. मंगचं काही जमलं नाही." सगळी ओसरी हसली. मीही हसले. पण माणसं गेली, सतरंजी गुंडाळली, की तो वर गेलेला सूर माझ्या कानात तसाच राहायचा, भाताच्या घासात खडा आल्यासारखा, आणि तो काढून दाखवायचा तरी कुणाला हे समजायचं नाही.

घरासमोर पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की आमच्या भिंतींत एक घुमारा भरायचा, आणि मी त्यालाच सा धरून गायची, कारण तानपुरा मी तोवर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. अडचण एवढीच, की दळण संपलं की माझा सा बंद पडायचा आणि मी मधेच उघडी पडायची. ज्वारी टाकली की घुमारा किंचित खाली बसायचा, दाणे सरत आले की वर चढायचा. हे मला इतकं नवलाचं वाटलं की मी जाऊन गिरणीवाल्याला सांगितलं. त्याने पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा हायेत का घरी?" आज माझ्या मोबाइलमध्ये तानपुरा आहे. वाशीमच्या या दोन खोल्यांत तो मी सकाळी लावते. तो कधी दमत नाही आणि खालीवर होत नाही, म्हणून असेल कदाचित, मला त्याचा कंटाळा येतो.

एकटेपणा म्हटलं की लोकांना रिकामं घर दिसतं. आमचं घर रिकामं नव्हतं. आत्या दिवसभर बोलायची, बाबा माझ्यावर जीव टाकायचे, गुरं होती, येणारे-जाणारे होते. पण मला जे ऐकू यायचं ते त्या घरात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हतं, आणि त्याचं मला रडू यायचं. फार काही मागत नव्हते मी. घरात एक माणूस असं हवं होतं, की माझा सूर हलला तर त्याच्या कपाळावर आठी पडेल. कौतुक नको होतं. कौतुक तर बैलाच्या घुंगरांचंही व्हायचं. मला आठी हवी होती.

बारावी झाल्यावर बाबांनी मला तालुक्याला, मालेगावला गाणं शिकायला घातलं, हेच गावात नवल होतं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत शाळेतून निवृत्त झालेल्या गायनाच्या बाई राहायच्या. मी एसटीने जायची, बाजाराच्या दिवशी बाबा सोबत यायचे आणि बाईंच्या उंबऱ्याशी पिशवी सांभाळत बसायचे. फी म्हणून आम्ही तूर द्यायचो. पहिला राग भूप. बाईंनी सांगितलं, यात मध्यम नाही आणि निषाद नाही, पाचच सूर. परतताना बसमध्ये बाबा बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "सूर सात असतेत ना?" मी म्हटलं, हो. "मंग दोन काहून ठेवून घेतले बाईनं? तूर तं आपन पूर्न देतो." मी समजावून सांगितलं, की रागच तसा आहे. ते म्हणाले, "असन. पन पुढच्या खेपी तू विचारून पाह्य. मास्तर लोक भिडस्त पोट्टीले कमी देतेत." पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच पिशवीत वांगी जास्तीची टाकली, दोन सुरांसाठी.

त्याच बाईंनी एका बाजाराच्या दिवशी बाबांना आत बोलावलं आणि सांगितलं, "मुलीची पट्टी काळी चार आहे. गळा मोकळा आहे, जपा." गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. कुणाची पांढरी असते, कुणाची काळी. माझी चौथी काळी. एवढं साधं. पण बाबांनी ताडकन विचारलं, "कोनाची काळी?" आमच्याकडे काळी म्हणजे काळी जमीन, आणि पट्टी म्हणजे वावराची लांबट पट्टी. बाईंनी पेटी पुढे ओढून बोट ठेवून दाखवलं. बाबांनी मान हलवली. त्यांच्या ध्यानात एवढं आलं, की ही काळी चार मुलीच्या गळ्यात कुठंतरी आहे, बाईंनी ती मोजून काढली आहे, आणि ती चांगली निघाली आहे. आणि आपल्याला समजलं ते जगालाही समजलं असणार, असा त्यांचा जन्मभराचा भाबडा समज होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी जाहीर केलं, "आमच्या शालूची पट्टी काळी चार निंगाली." कुणीतरी विचारलं, कुठं निघाली? "मालेगावले. तिथच्या बाईनं मोजून सांगतलं." आता मालेगाव म्हणजे तालुका. मोजणी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे साखळी, खुंट्या आणि मोजणी खात्याची बाई. आमचं बाकीचं रान मुरमाड, पण नाल्याच्या काठाला खरोखरच काळीची एक पट्टी होती, आणि तीही चार एकराच्या आतबाहेर. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की बापानं नाल्याकाठची काळी पोरीच्या नावानं केली. बाबांना जो तो म्हणे, "लय मोठं काम केलं गा तुमी." बाबांना वाटे, माझ्या गळ्याची कीर्ती झाली. ते हात जोडून म्हणत, "मह्यं काही नाही, देवाची देन हाये."

पंजाबकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, तरातरा आले. त्यांची चूल वेगळी होती, पण बाबांना मुलगा नसल्यामुळे नाल्याकाठची काळी आज ना उद्या आपल्याच धुऱ्यात, म्हणजे बांधाच्या आत, येणार, हे त्यांनी मनात पक्कं केलेलं होतं. आल्या आल्या म्हणाले, "भाऊ, काळी चार शालूच्या नावानं केली म्हनतेत?"

"नावानं कराची गरजच नाही," बाबा म्हणाले. "ते तिच्या गळ्यातच हाये."

"म्हंजे पोरीच्या गळ्यात मारली तुमी!"

"मी कायले मारतो? जल्मापासूनच होती. आमालेच मालूम नव्हतं."

आत्या चुलीपुढून म्हणाली, "पंजाब, तू नको तोंड घालू, ते सा-सा केल्यावर निंगते, मी सोता पाह्यलं." काका उठून गेले ते पाणीही न पिता. मी आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसत होते. बाबांना सांगावं असं मनात आलं. पण ते इतके खूश होते, त्यांना पहिल्यांदाच माझ्या गाण्यातलं काहीतरी छातीठोकपणे बोलता येत होतं, की माझ्याच्यानं ते मोडवेना.

मग सोयरिकी यायला लागल्या. आमच्यासारख्या मुरमाड घराला एरवी कोण विचारतं? इंझोरीचं स्थळ आलं तेव्हा आत्याने नवी चटई काढली. घर मोठं, शेती बारमाही ओलिताची, आणि मुलगा, दिगंबर त्याचं नाव, त्यांच्या गावच्या मंडळात तबला वाजवतो म्हणे. हे शेवटचं आत्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी तीनदा विचारलं, तबलाच ना? तिने वैतागून म्हटलं, "तबला असन नाही तं ढोल. नवऱ्यानं काय वाजवलं त्यानं भाजीत मीठ पडत नाही."

पाहुणे दुपारी आले. दिगंबर, त्याचे वडील आणि आणखी एक नातेवाईक. पंजाबकाकाही येऊन बसले होते, माझ्यासाठी नाही, काळीचं काय होतं ते पाहायला. पोहे झाले, चहा झाला. मी लुगड्यात घामाने भिजून समोर बसले होते. नाव काय, शिक्षण किती, रोडगे करता येतात का, हे सगळं विचारून झालं. मग दिगंबरचे वडील म्हणाले, "गानं म्हनते म्हनतेत. म्हनू द्या एखांदं." पेटी पुढे आली. मी भूपातली बंदिश धरली.

वर पाहायचं नसतं, म्हणून मी समोरच्या चटईकडे पाहत होते. चटईवर त्याचा हात होता. पहिल्या आवर्तनातच मला दिसलं, की त्याचं बोट गुडघ्यावर पडतंय, आणि जिथे पडायला हवं तिथेच पडतंय. तालातली खाली आली, जिथे टाळी द्यायची नसते, तेव्हा त्याने तळवा उलटा केला. इतकी वर्षं मी आमच्या भिंतींना गाऊन दाखवत होते, आणि आज समोर एक तळवा उलटा झाला होता. मी आणखी सुटून गायले. आणि तेवढ्यात गंधारावर बोट ठेवलं तर पेटीतून मध्यम वाजला. भूपात मध्यम! या जागी बोट पुन्हा घसरलं असणार. मी घाबरून वर पाहिलं. बाबा हसऱ्या चेहऱ्याने डोलत होते. काका खिडकीबाहेर बघत होते. आत्या दारात उभी राहून पाहुण्यांच्या बशा मोजत होती. आणि दिगंबरच्या कपाळावर, अगदी मधोमध, आठी पडली होती.

मला त्या क्षणी इतका आनंद झाला, की गाणं कसं संपलं ते आठवत नाही. या माणसाच्या घरी जायचं, एवढंच मनात पक्कं झालं होतं. तो काळा की गोरा हेही मी पाहिलं नव्हतं.

"चांगलं म्हटलं," त्याचे वडील म्हणाले. "आवाज दनदनीत हाये. वावरातून हाक माराले बरा." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आता ते काळी चार. कुठी हाये? उजेड हाये तवर पाहून घेऊ."

बाबांचा चेहरा उजळला. इंझोरीपर्यंत गेलं होतं माझं गाणं! "कायले उठता? इथीच हाये," म्हणत त्यांनी पेटी स्वतःकडे ओढली आणि जाड बोटाने काळ्या पट्ट्या मोजल्या. "एक, दोन, तीन, अन् हे चार." दाबली. आवाज आला नाही. बाबा गोंधळले. मी हळूच म्हटलं, "भाता, बाबा." त्यांनी दुसऱ्या हाताने भाता हलवला आणि पेटीने एक लांब सूर धरला. बाबांनी तो बराच वेळ वाजू दिला. "हे पोट्टीची काळी चार."

मग दिगंबरच्या वडिलांनी विचारलं, "अन् वावर?"

"कोनतं वावर?"

पंजाबकाकांना आधी उमगलं. त्यांचा जीव भांड्यात पडला असावा, कारण ते असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. पाहुण्यांच्या नातेवाइकाने पेटीखाली वाकून पाहिलं, जणू जमीन तिच्याखाली असेल. दिगंबरचे वडील मात्र लालबुंद झाले. "गावभर सांगता काळी चार मोजून देल्ली, अन् दाखवता हे लाकडाची खुटी? आमी काय पेटी पाहाले आलो?"

बाबांनी पेटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. महिनाभर लोक कशाचं अभिनंदन करत होते हे त्यांना एका दमात कळलं. मला वाटलं, आता हेही हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. ते म्हणाले, "तुमी काळी चार ऐकून आले. तं काळी चार देतो. नाल्याकाठची. पोट्टीच्या नावानं."

काकांचं हसणं थांबलं. दारातून आत्या म्हणाली, "भाऊ, अन् तू काय खाशीन? मुरूम?" दिगंबरचे वडील पुन्हा नीट मांडी घालून बसले आणि म्हणाले, "असं असन तं मंग प्रश्नच नाही."

मी सरळ दिगंबरला विचारलं. पाहायला आलेल्या मुलाशी मुलीने बोलायचं नसतं, पण मला राहवलं नाही. "तुमाले तं पट्टी म्हंजे काय ते समजते. कवा समजलं तुमाले?"

तो चटईकडे बघत म्हणाला, "पयल्याच दिवशी. काळी चार म्हंजे गान्याची पट्टी हे मी लगेच वळखलं. पन सांगतलं असतं तं आमचे बाबा आलेच नसते."

म्हणजे हा वावरासाठी आलाच नव्हता. मला ऐकायला आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आपल्या वडिलांकडे तोंड करून, की वावर नको. मी त्या वाक्याची वाट पाहत बसले. बाबाही पाहत होते. समोर गिरणी सुरू झाली. दिगंबरने तोंड उघडलं, वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ते मिटून घेतलं. इतका चांगला कान, आणि तोंड नव्हतं त्याला.

"नाल्याकाठची काळी बाबाची हाये," मी म्हटलं. माझा आवाज मला फार वरच्या पट्टीत ऐकू आला. "माही काळी चार तेवढी गळ्यातली. ते पाहिजे असन तं घेऊन जा. दुसरी माह्याजवळ नाही."

त्याचे वडील उठले. नातेवाईक उठला. दिगंबर सगळ्यांत शेवटी उठला. जाताना माझ्याजवळून वाकून पेटी उचलल्यासारखं करत तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमचं बोट नव्हतं घसरलं. पेटीची ते पट्टी चिकटते. तुमी बरोबर होत्या." आणि चपला घालून तो गेला.

ते गेल्यावर मी गंधाराची पट्टी दाबून पाहिली. तिला लागून असलेली मध्यमाची पट्टी खरंच तिच्याबरोबर खाली जात होती. मंडळाच्या कुणाच्या तरी चहाने ती फुगली असावी. कित्येक महिने मी त्या जागेवर स्वतःला दोष देत होते. हे जगात एका माणसाला ऐकू आलं, आणि तो माणूस तेवढ्यात इंझोरीच्या वाटेला लागला होता. त्या माणसाचा मला आजही राग येतो. तो वावर मागणारा असता तर विसरले असते. पुढे माझं लग्न झालं, वाशीमला. नवरा सज्जन होता, गाणं सुरू झालं की त्याला गाढ झोप लागायची आणि तो ते कौतुक म्हणून सांगायचा. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण समोरचा तळवा उलटा होतोय का, हे मी गाताना आयुष्यभर चोरून पाहत राहिले. तो पुन्हा कुठेच झाला नाही.

आत्याने तिच्या परीने समजूत काढली. "झालं ते बरं झालं. कान असलेला नवरा घेऊन काय कराचं? बाईनं भांडं आपटलं तरी त्याले सूर चुकलेला दिसन." काका दोन दिवसांनी पेढे घेऊन आले, हे तर अतीच झालं. बाबा मात्र टपरीवर जाईनात. वावरातून आले की ओट्यावर पाय धुवायचे आणि आत येऊन भिंतीला टेकून बसायचे. मी चुकले, असंही म्हणेनात. मी मुद्दाम चुकून पाहिलं, तरी म्हणेनात.

एका दुपारी ते वावरातून लवकर आले. मी पेटी पुसत होते. हात धुऊन, धोतराला पुसून ते माझ्यासमोर मांडी घालून बसले, बाईंपुढे मी बसायची तसे ताठ. म्हणाले, "मले शिकव."

"काय शिकवू?"

"तेच. कोनता कोनता हाये ते. त्या पोट्ट्याले समजलं, मले काहून नाही समजत? मह्यी पोरगी हाये."

मी त्यांना सोप्यातलं सोपं दिलं. दोन सूर वाजवायचे, त्यांनी फक्त सांगायचं, वरचा कोणता, पहिला की दुसरा. लांबलांबचे दोन वाजवले. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "दुसरा." बरोबर. मी जरा जवळचे घेतले. "पयला." बरोबर. मला वाटलं, नशीब. आणखी जवळचे घेतले, शेजारशेजारचे, जिथे मंडळातले बुवा दर एकादशीला पडायचे. बाबा मान किंचित वाकडी करून थांबले आणि म्हणाले, "दुसरा, दुसराच." बरोबर. एकही चुकेना. बाबांना कान होता! इतकी वर्षं माझ्या घरात, माझ्या समोर, भिंतीला टेकून बसलेला होता, आणि मला तो दिसला नव्हता. मी भरभर सूर बदलत होते, ते भरभर सांगत होते, आम्ही दोघंही हसत होतो, आणि माझ्या मनात आलं, आता मला कुठंही जायची गरज नाही.

तेवढ्यात आत्या आतून ओरडली, "शालू, दूध पाह्य वं, उतू चाललं!" मी मान वळवून चुलीकडे पाहिलं. बोटं पेटीवरच होती, त्यांनी आपसूक दोन सूर वाजवले. उत्तर आलं नाही. मी तिकडेच पाहत पुन्हा वाजवले, तेच दोन.

"सांगा ना बाबा. कोनता वर?"

"इकडं पाह्य ना माय," बाबा म्हणाले. "तुहं तोंड दिसल्याबिगर मी कसं सांगू?"